पळायला आजार लागतो

आमच्याकडे जाणतं माणूस रस्त्यानं पळताना दिसलं की बघणारा आधी विचारतो, "कोण गेलं?" पोरं पळतात, भरतीची तयारी करणारे पळतात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. त्यांना पळून नोकरी मिळवायची असते. पण लग्न झालेली, एका मुलीची आई असलेली, रोज एसटीनं बीडला कामाला जाणारी बाई सकाळी सकाळी पळते म्हणजे घरात काहीतरी घडलेलं असणार. मयत, भांडण नाहीतर आजार. चौथं कारण आमच्या गावाला माहीत नाही. मी हे लिहिते आहे ते त्या चौथ्या कारणासाठी. कुणाची माफी मागायला नाही आणि कुणाची शाबासकी घ्यायलाही नाही.

मी बी. कॉम. आहे. माझ्या माहेरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. वडील बीडच्या अडत बाजारात हमाल होते, आई भाजी विकायची. मी शिकले, एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि नेकनूरच्या अलीकडच्या एका गावात सून म्हणून आले. सासरी शेती आहे, पाण्याची आहे, माणसं खाऊनपिऊन सुखी आहेत. शिकलेली सून आणली याचा त्यांना अभिमान होता. चारचौघांत सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, मला पुढे करायच्या. "आमची सून हापिसात हाय," म्हणायच्या. हापिसात जायला त्यांची कधी ना नव्हती. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी काहीतरी कोंडून ठेवलेल्या बाईची कथा सांगते आहे. तसं नाही. माझी अडचण फार साधी होती, म्हणून तर ती कुणाला समजली नाही.

सुरुवात माझ्या नवऱ्याच्या शुगरनं झाली.

त्यांचं नेकनूरला शेतीच्या औषधांचं, बियाणांचं दुकान आहे. वजन वाढलेलं, सारखी तहान लागायची, दुपारी दुकानात बसल्या बसल्या डोळा लागायचा. बीडला डॉक्टरकडे मीच ओढून नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या खाऊन भागणार नाही. रोज सकाळी चाला. बाईसाहेब, तुम्ही बरोबर जा, नाहीतर हे जायचे नाहीत."

परत येताना एसटीत नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरी सांगायचं न्हाई."

"आत्यांना तरी सांगावं लागंल ना? जेवणात बदल करायचाय."

"आईला सांग. पण गावात न्हाई. चाळिशीच्या आत शुगर म्हणल्यावर लोक काय म्हणतील, गडी संपला."

आत्यांना सांगितलं तर त्याही तेच म्हणाल्या. त्या घाबरल्या, डोळ्यांत पाणी आणलं, लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावून घेऊन म्हणाल्या, "भाईर बोलू नका." कारण घरात नणंद लग्नाची होती. सासरे गेले तेही शुगरनंच, शेवटी पायाची जखम भरलीच नाही. पण गावाला दमा सांगितला होता. बापाला शुगर, भावाला शुगर म्हटल्यावर पोरीचं स्थळ येणार कुठून? रक्तातच आहे म्हणतात. ही भीती खोटी नव्हती. आमच्याकडे आता हुंड्याबरोबर हेही विचारतात.

तर आम्ही दोघं चालायला लागलो. थंडीचे दिवस होते. नवरा कानाला मफलर गुंडाळून, हात खिशात घालून, लग्नात मिरवणुकीमागं चालतात तसा चालायचा. फाट्यावर एक हॉटेल आहे, तिथं सकाळी भजी तळतात. तिथवर आलं की त्यांचे पाय थांबायचे. "तू हो पुढं, मी घोटभर चहा घेतो." चहा म्हणजे साखरेचा, आणि चहाबरोबर भजी. मी बोलले तर म्हणायचे, "एवढं चालून आलो, आता एवढं चालतंय." थोड्या दिवसांनी फाट्यापर्यंत यायचंही बंद झालं. पाय दुखतो, दुकानात माल यायचाय, रात्री झोप झाली नाही. मी एकटी जायला लागले. का गेले? खरं सांगायचं तर तेवढाच वेळ असा होता की त्यात मला कुणी काही मागत नव्हतं.

फाट्याच्या पुढं पाझर तलाव आहे. तलावाच्या बांधावरून बैलगाडीची जुनी वाट जाते. एका सकाळी तिथं असं वारं सुटलं की माझे दात वाजायला लागले. ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळली तरी ऊब येईना. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पळाले. थंडी घालवायला पळाले, दुसरं काही मनात नव्हतं. पायात चपला होत्या, त्या फटाफट वाजत होत्या. जरा पुढं गेल्यावर चपला हातात घेतल्या. बरगडीखाली कळ आली, घसा कोरडा पडला, थांबले, वाकून गुडघ्यांवर हात ठेवले आणि मला हसू आलं. एकटीच हसत होते. एसटी पकडायला मी रोजच पळत असे, पर्स छातीशी धरून, साडी सावरत, ड्रायव्हरला हात करत. पण ते पळणं एसटीचं होतं. हे माझं होतं.

दुसऱ्या दिवशी थंडी कमी होती तरी पळाले.

मग ते रोजचं झालं. याच्यात काही मोठं घडलं असं मी म्हणणार नाही. फाट्यापर्यंत चालत, तिथून पुढं पळत, बांधाच्या टोकाला सांडव्याजवळ जरा उभं राहायचं आणि परत. आधी सांडव्यापर्यंत पोचायला तीनदा थांबावं लागायचं, मग दोनदा, मग एकदाही नाही. ज्या दिवशी न थांबता पोचले त्या दिवशी हापिसात दिवसभर मला कुणालातरी सांगावंसं वाटत होतं. कुणाला सांगणार? सोबतच्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वजन कमी करताय का? तुमचं तर काही जास्त नाही." मी म्हटलं, "सहज." त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

आणि मग एक दिवस दूधवाला भेटला.

हा आमच्याच गावातला, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून डेअरीला दूध घालायला जाणारा. त्या दिवशी उशीर झाला म्हणून त्यानं बांधावरची वाट धरली होती. मला पळताना बघून त्यानं ब्रेक लावला, कॅन खडखडले.

"वहिनी! काय झालं? घरी बरं हाय ना सगळं?"

"हो हो. काही न्हाई."

"मग? बसा मागं, सोडतो घरी."

"अहो न्हाई, मी पळतेय."

"कशापायी?"

मी दम घेत होते. त्याला काय सांगावं हे शोधत होते. तेवढ्यात त्याचा त्यालाच उलगडा झाला. त्याचा चेहरा एकदम मऊ पडला. "शुगर निघाली का वहिनी?"

मी काहीच बोलले नाही. श्वासच पुरत नव्हता, तर बोलणार काय. त्यानं माझ्या गप्प राहण्याला हो धरलं. "आमच्या मावशीलाबी हाय. चालायला सांगतेत डॉक्टर. पण तुमी तर लई पळायलात. जपून वहिनी." आणि गेला.

मी घरी येऊन अंघोळ करून डबा भरेस्तोवर गावाला माझी शुगर कळलेली होती. शेजारची काकू कारल्याची पावडर घेऊन दारात उभी. "उपाशीपोटी घे बाई. इतक्या लहानपणी मागं लागली, कुणाची नजर लागली म्हणावं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या आतून आल्या. माझ्याकडं एकदा बघितलं, काकूकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "काय करता. हापिसाचं बसून काम. नशीब पोरीचं."

आत्यांनी एका क्षणात हिशेब केला होता. सून बाहेरून आलेली. तिची शुगर ह्या घराच्या रक्तात येत नाही. गोळ्या घरात सापडल्या, जेवण बिनसाखरेचं झालं, बीडच्या फेऱ्या वाढल्या, सगळ्याला आता एक माणूस मिळालं होतं. रात्री जेवताना नवराही म्हणाला, "झालं ते बरं झालं." ताटात त्यांच्या भाताचा डोंगर होता.

"मला शुगर न्हाई," मी म्हटलं.

"माहीत हाय की. तुला काय तरास हाय त्याचा? पळायचं तर पळ. आता कोण काय म्हणणार न्हाई."

हे मात्र खरं होतं. आता कुणी काही म्हणत नव्हतं. आधी बांधाकडं जाताना बायांच्या नजरा पाठीला चिकटायच्या, आता त्याच बाया म्हणायच्या, "जा बाई जा, तब्येतीला जपावं." आजारी बाईला पळायची मुभा होती. मी ती मुभा घेतली. त्याबद्दल मला काही वाटत नाही.

पण त्याची किंमत रोज द्यावी लागायची. हळदीकुंकवाला गेलं की माझ्यापुढं बिनसाखरेचा चहा. बारशाला गेलं की सगळ्यांच्या ताटात जिलेबी आणि माझ्या ताटावरून वाढपी बाई जिलेबीची परात नुसती फिरवून पुढं जायची, "न्हाई बाई, हिला न्हाई चालत." मला गोड आवडतं. शेजारच्या पंक्तीत नवरा जिलेबीवर जिलेबी घ्यायचा आणि लोक कौतुकानं म्हणायचे, "खा गड्या, तुला काय!" मी बघत बसायचे. घरी येऊन बोलले तर म्हणायचे, "लोकांच्या देखत नको कसं म्हणू?" गोळ्या संपल्या की मेडिकलमधून मी आणायची. दुकानदार म्हणायचा, "वहिनी, डोस वाढवला का डॉक्टरांनी? जपा." वाढवला होता. ज्याचा होता त्याचा वाढवला होता.

बुटांचंही सांगते. चपला हातात घेऊन पळून टाचेला काटे मोडले, म्हणून बीडच्या बाजारात बूट घ्यायला गेले. दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं. बायकांच्या मापाचे पळायचे बूट त्यांच्याकडं नव्हते. दुसऱ्या कुणाकडंही मिळाले नसते. त्यांनी पोरांचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे काढले.

"बच्चे के वास्ते ना बाजी?"

"न्हाई, माझ्यासाठीच."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "डाक्टर बोले क्या?"

मला राग आला. अख्ख्या जिल्ह्यानं एकच प्रश्न पाठ केला होता. मी म्हटलं, "हां चाचा, डाक्टर बोले." त्यांनी दहा रुपये कमी केले. आजारी माणसाकडून नफा घेऊ नये म्हणाले. ते दहा रुपये मला आजही टोचतात.

नणंदेचं मात्र निराळं होतं. ती एम. ए. करत होती आणि घरात एकटी तीच मला विचारायची, "वहिनी, आज किती लांब गेलतीस?" तिची कॉलेजातली जुनी ट्रॅक पॅन्ट तिनं मला दिली. पंजाबी ड्रेसच्या आतून घालायचे. "माझं लग्न झाल्यावर मीबी पळणार," म्हणायची. "लग्नाआधी कावून न्हाई?" मी विचारलं तर हसून म्हणाली, "लग्नाआधी पळालं की लोक वेगळंच समजतात."

तिला तेलगावकडचं स्थळ आलं. ऊस, कापूस, मुलगा शिकलेला, घर मोठं. पाहायला आले ते आठ-दहा जण. त्यात मुलाचे मामा होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलके, पांढरे कपडे, हातात घड्याळ. सगळ्यांनी पोहे खाल्ले. चहा आला. मामांनी हात वर केला. "मला बिनसाखरेचा. शुगर हाय मला. लपवायचं काय त्यात!" आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन म्हणाल्या, "आमच्या सुनंलाबी हाय की. रोज पळते बिचारी."

"पळते?" मामा सरसावून बसले. "वा! या वहिनी, बघू तुमची किती हाय." आणि खिशातून चेनची काळी पिशवी काढली. आत बोट टोचून शुगर बघायचं मशीन. त्यांना तो नादच होता. जिथं जातील तिथं, पान-सुपारी द्यावी तसं चारचौघांची शुगर बघायची. आधी मुलाच्या बापाची बघितली, मग आमच्या चुलत सासऱ्यांची. दर वेळी नवी सुई लावत होते, तेवढं बरं. लोक हसत बोटं पुढं करत होते, कुणाची जास्त कुणाची कमी यावर टिंगल चाललेली. नणंद आतल्या दारात पदर घेऊन उभी. मी पुढं गेले. न जाऊन करणार काय?

बोट टोचलं. मशीन वाजलं. मामांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"अरे! एकदम नॉर्मल! पोहे खाऊनसुद्धा नॉर्मल!" ते उभेच राहिले. "बघा रे सगळे. ह्याला म्हणतात पळणं! वहिनींनी पळून पळून शुगर घालवली. आमच्या घरच्या बायांना पाठवतो तुमच्याकडं शिकायला."

सगळे माझ्याकडं बघत होते. आत्यांनी हात जोडले, "देवाची कृपा." मग मामा माझ्या नवऱ्याकडं वळले. "या पाहुणे, आता तुमचा नंबर."

नवऱ्यानं खिशातला फोन काढून कानाला लावला. "हालो... हां हां, बोला साहेब... रेंज न्हाई, थांबा, भाईर येतो," म्हणत चपला शोधत अंगणात गेले. फोन वाजला नव्हता. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मामा हसले, "मोठ्या धंद्याची माणसं," आणि मशीन पिशवीत घातलं. स्थळ जमलं. जाताना मुलाच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "जिद्दीची हायेस बाई."

मला वाटलं होतं आता तरी घरात काहीतरी होईल. नवरा ओशाळेल, आत्या लेकाला चार शब्द बोलतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होते. आत्या दारात आल्या.

"कुठं चाललीस?"

"रोजचं."

"आता कशाला? शुगर गेली ना?"

मला आधी वाटलं त्या गंमत करतायत. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. गंमत नव्हती. माझी शुगर कधी आलीच नव्हती हे ह्या बाईला मुळापासून माहीत होतं, आणि तरी ती गेली म्हणून त्या मला घरात बसायला सांगत होत्या. गावापुढं खोटं बोलता बोलता आम्ही घरातही त्याच खोट्यात राहायला लागलो होतो.

"आत्या, मला शुगर न्हवतीच. तुमाला माहीत हाय."

"मला माहीत हाय गं. लोकांला न्हाई ना. त्यांच्या देखत सगळं नॉर्मल आलंय. आता पळालीस तर विचारतील, कावून पळते? काय सांगू मी?"

"सांगा, तिला आवडतं."

"हे काय कारण हाय का?" त्या खरंच विचारत होत्या. चिडून नाही. "तुझं वय काय, घर काय. आवडतं म्हणून रस्त्यानं पळायचं? लग्न होईस्तोवर तरी थांब. तिच्या सासरचे येतील जातील. पाया पडते तुझ्या."

नवरा आत खाटेवर जागा होता. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. शुगर माझी हाय असं काही त्यांनी कबूल करायचं नव्हतं. आईला एवढंच म्हणायचं होतं की जाऊ दे तिला. ते कुशीवर वळले.

मी आत्यांच्या मागं उभ्या नणंदेकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतही तेच होतं, थांब. मी बूट काढले.

लग्न होईपर्यंत मी पळाले नाही. ते दिवस कसे गेले ते सांगायला मला आवडणार नाही. बस्ता, पत्रिका, मानपान, मांडव. पाय जड झाले. एसटीच्या दोन पायऱ्या चढून दम लागला तेव्हा मला रडू आलं आणि कंडक्टरनं विचारलं, "काय झालं मॅडम, उतरायचं का?" घरात सगळे म्हणत होते वहिनीनं लई काम केलं लग्नात. केलंच. हळदीपासून पाठवणीपर्यंत केलं. तिला लावून दिलं आणि पाहुणे गेले, मांडव उतरला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बूट घातले. आत्या ओट्यावर बसलेल्या होत्या. मी त्यांच्यासमोरून निघाले. सांडव्यापर्यंत पोचायला मला पुन्हा तीनदा थांबावं लागलं.

त्यानंतरच्या रविवारी दळण घेऊन गिरणीत गेले. डब्यांची रांग लागलेली, पाच-सहा बाया होत्या. काकू म्हणाली, "परत वर आली म्हणं गं तुझी शुगर? आत्याबाई सांगत होत्या. लग्नात गोडधोड खाल्लं असशील."

म्हणजे आत्यांनी पुन्हा मला आजार दिला होता. मी पळते आहे म्हणजे आजार पाहिजे, म्हणून परत आणला होता. माझ्यावर उपकारच केले होते म्हणा. मी मान हलवली असती तर पुढं आयुष्यभर पळता आलं असतं, काळी पिशवी घेऊन कुणी समोर येईपर्यंत.

गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी जोरात म्हटलं, "मला शुगर न्हाई काकू. कधीच न्हवती." नेमकं तेव्हाच एकीचं दळण संपलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. माझं पुढचं वाक्य सगळ्या गिरणीत मोठ्यानं ऐकू गेलं, "मी पळते कारण मला आवडतं."

गिरणीवाला पीठ भरायचा थांबला.

"मग ती मशीनवर बघितली म्हणं, गेली म्हणं, ते?" एकीनं विचारलं.

"असती तर गेली असती ना."

"आणि गोळ्या गं? तू नेतीस की मेडिकलातून."

"ज्याच्या असतील त्यानं सांगावं."

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. एवढ्या बायांना घरातली माणसं मोजता येतात. मला वाटलं होतं निदान त्या माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील. बघितलं, पण कसं? दोन वर्षं ज्या "जपावं बाई" म्हणत होत्या त्यांच्यातलीच एक ओढणीत तोंड घालून हसली. "आमाला न्हाई बाई सुचत असलं. आमाला घरात कामं असतात."

"हापिसात बसून पाय आखडत असतील," दुसरी म्हणाली.

"नवरा आजारी, अन् ही पळती." हे काकू म्हणाली, कारल्याची पावडर आणून देणारी.

दळण माझं आलं, डबा उचलला आणि घरी आले. डबा जड होता म्हणून सावकाश आले. बातमी माझ्याआधी पोचलेली. नवरा ओट्यावर उभे.

"माझं नाव घेतलंस?"

"न्हाई. तुमचं तुमी घ्या. मी माझं सांगून आले."

"काय मिळालं तुला?"

याला उत्तर होतं, पण ते त्यांना कळण्यासारखं नव्हतं आणि मला समजावून सांगायची हौस उरली नव्हती. मी पीठ चाळायला बसले. आत्या आत रडत होत्या. लेकीच्या सासरी कळेल म्हणून रडत होत्या, आणि ती भीती मी आजही खोटी म्हणत नाही.

मी अजून पळते. आता मला कुणी "जपा" म्हणत नाही. दूधवाला समोरून आला तर कॅनकडं बघत जातो. घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. नवरा गोळ्या आता स्वतः आणतात, नेकनूरहून नाही, बीडहून, जिथं कुणी ओळखत नाही.

गिरणीच्या त्या दिवसानंतर आठवड्याभरानं नणंदेचा फोन आला. मी हापिसातून सुटून स्टँडवर एसटीची वाट बघत होते. तिनं ख्यालीखुशाली विचारली, मुलीचं विचारलं.

"वहिनी, इथं सासूबाईंनी विचारलं मला. तुझ्या भावाला हाय का म्हणून. मी न्हाई म्हणलं." आणि मग हळू आवाजात, "अजून थोडे दिवस थांबली असतीस तर."

"थांबले होते की," मी म्हटलं. "तुझ्या लग्नापर्यंत थांबले होते."

फोन चालूच होता. मागं तिच्या सासरच्या कुणीतरी तिला हाक मारली. ती "आले" म्हणाली, माझ्याशी नाही, त्यांच्याशी, आणि फोन ठेवला.